मार्केसा उठेपर्यंत

ग्वानाबाकोआ, २३ जून

प्रिय ओनेलियोभाऊ,

माझ्या लेकीचे धर्मपिता म्हणून तुम्हाला आदराचा नमस्कार, आणि शेजारी म्हणून एक मिठी. आईंची कंबर आता कशी आहे? सिएनफुएगोसची हवा त्यांना मानवते का? आम्ही घरात सर्व बरे आहोत. तुमची कबुतरेही बरी आहेत (एकाविषयी शेवटी लिहितो).

चार जूनच्या सकाळी मी प्रार्थना आटोपली, मक्याचा डबा घेतला आणि तुमच्या ढाबळीचे कुलूप उघडले. मार्केसा कोपऱ्यातल्या एका काळ्या पेटीवर बसली होती आणि तिच्याखाली एक अंडे होते. तिसऱ्या दिवशी पाहिले तर दोन. आता तुम्ही म्हणाल, माझ्या ढाबळीत काळी पेटी कुठली? दाणापाण्याशिवाय आत काही ठेवायचे नाही, असे तुम्ही जाताना दोनदा बजावले होते, आणि मी दोन्ही वेळा मान हलवली होती.

त्याचे असे झाले. आपल्या गल्लीतल्या अकरा घरांचे संगणक वायरीने एकमेकांना जोडायचे ठरले. (इंटरनेट नव्हे. आपले आपल्यातच निरोप, सिनेमे आणि खेळ.) पुढाकार मिग्दालियाबाईंचा. टेलिफोन खात्यात तीस वर्षे काढल्यामुळे वायर दिसली की त्यांचा आवाज आपोआप चढतो. राजकारण नाही, धर्म नाही, शिवीगाळ नाही, हे तीन नियम त्यांनी पहिल्याच दिवशी वाचून दाखवले. सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या पेटीला स्विच म्हणतात, आणि ती मधोमध हवी. बाईंनी कपडे वाळत घालायची दोरी घेऊन छपरे मोजली. मध्य निघाला तुमच्या ढाबळीत. आत कोरडे, सावलीत, वर कुलूप. मी नको म्हटले, पण हळू म्हटले. पेटी दिवसभर कोमट राहते हे आम्हा माणसांच्या लक्षात आले नाही. मार्केसाच्या आले. तिने घरट्यात काड्यांबरोबर वायरीची निळी सालेही विणली आहेत.

वीज कडाडली की पेटीतल्या सगळ्या वायरी उपटायच्या, नाहीतर आकाशातली वीज तांब्यातून घरोघर शिरते. गेल्या वर्षी वरच्या गल्लीत चार संगणक असे जळाले. उपटायची जबाबदारी सर्वांसमोर मी घेतली होती. पेटीचे बटण बंद करून भागत नाही, वायरच बाहेर हवी.

सोळा तारखेला दुपारी आभाळ शाईसारखे झाले आणि गडगडले. मी छपरावर पळालो. वायरींची टोके पेटीच्या मागच्या बाजूला, आणि तिथेच मार्केसाची शेपूट. अंडी बाराव्या दिवसाची. गेल्या वर्षी नळवाला आत शिरला तेव्हा ती उठली ती पुन्हा बसलीच नाही, आणि तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, हे मला आठवत होते. शिवाय समोरच्या छपरावर रादामेस त्याच्या ढाबळीपाशी उभा. त्याच्या टाकीवर एक देखणा निळा नर छाती फुगवून घुमत होता. बिथरलेली मादी कुठे उतरणार ते सांगायला नको, आणि ज्याच्या ढाबळीत उतरली त्याची झाली, हा छपरांचा कायदा तुम्हीच मला शिकवलात.

“एलादियो, वायरी काढ,” खालून मिग्दालियाबाई.

“कबूतर बसलंय, बाई.”

“मग तिला सांग, ऊठ म्हणावं. अकरा घरांचा प्रश्न आहे. शिंपीण देल्फिनाच्या संगणकात अख्ख्या गल्लीतल्या पोरींच्या झग्यांची मापं आहेत.”

“घाबरू नकोस, शेजारी,” रादामेस म्हणाला, “आली तर माझ्याकडे जागा आहे.”

दुसऱ्यांदा गडगडले. वायरींच्या जाळ्यावर धर्म बोलायचा नाही असा नियम आहे, छपरावर नाही, म्हणून मी विजेपासून राखणाऱ्या सांता बार्बराला हाक मारली. तिने सुचवले की माझे मलाच सुचले, याचा मी अजून विचार करतो आहे. मी पक्कड घेतली, ढाबळीच्या जाळीबाहेर वीतभर अंतरावर पहिली वायर धरली आणि कापली. मग दुसरी. मार्केसा एका डोळ्याने पक्कडीकडे बघत होती आणि मी एका डोळ्याने आभाळाकडे. सातवीला ती अर्धी उठली. मी श्वास धरून थांबलो. खालून बाई ओरडत होत्या, तिकडे दुर्लक्ष केले. ती पुन्हा टेकली. अकरावी कापली तेव्हा माझा सदरा घामाने चिंब झाला होता.

त्यानंतर ढग समुद्राकडे गेले. चार थेंब पडले. ऊन आले.

“शाबास,” बाई वर येऊन म्हणाल्या. “वीज पडली असती तरी एवढं नुकसान झालं नसतं.”

ताणून बांधलेल्या वायरी आता वीतभर तोकड्या आहेत, आणि मार्केसा उठेपर्यंत जोडता येणार नाहीत. स्विच मात्र चालूच ठेवला आहे. ऊब लागते. निरोप बंद पडल्यामुळे अकरा घरांतली माणसे रोज संध्याकाळी जिना चढून येतात आणि अंड्यांची चौकशी करतात. काही जण एकमेकांशीही बोलतात. पेटी माझ्या छपरावर हलवा, असे रादामेस सगळ्यांना सुचवतो आहे.

आईंना नमस्कार.

तुमचा,
एलादियो

ता. क. वायरीच्या टोकाला लागणारी प्लास्टिकची बोंडे इथे मिळत नाहीत. अकरा पाठवावीत, आणि पंधरा मीटर वायर. सोबत ढाबळीत पेटी ठेवण्याची तुमची लेखी परवानगी पाठवावी. तारीख मे महिन्यातली घालावी.

ता. क. २. तुम्ही जाणकार. दुपारी अंड्यांवर नराची पाळी असते, मग मार्केसाच का बसली होती, हे तुमच्या मनात आलेच असेल. सहा तारखेला वायर आत घेताना दार माझ्याकडून उघडे राहिले. टाकीवर घुमणारा तो निळा नर तुमचाच.

ता. क. ३. आज पहाटे दोन्ही अंडी फुटून पिल्ले बाहेर आली. तुमचे उत्तर येईपर्यंत पेटीला हात लावायचा नाही असे मी ठरवले होते. सकाळी मार्केसा दाणे टिपायला खाली उतरली, रादामेस समोरून बघत होता, आणि मी चार स्क्रू लावून पेटी तुमच्या फळीला पक्की केली.