बाप्पाचे डोळे

कॅरी, २२ ऑगस्ट २०२५

चि. संध्यास, अ. उ. आ.

तुझ्या प्रसादबरोबर गणपती पाठवतेय. टॉवेलात गुंडाळलाय, गाडी सावकाश चालव म्हणावं.

ऑक्टोबरात म्युझियममध्ये माझ्या चाळीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन आहे. ब्राँझचे पुतळे नेले, ग्रोसरीच्या कागदी पिशव्यांवर काढलेली पहिली चित्रंसुद्धा नेली. पोस्टरवर छापलंय, ‘अमेरिकन चित्रकार आणि शिल्पकार’. कुणा दुसऱ्याच बाईबद्दल वाचल्यासारखं वाटलं. शेवटच्या दालनात त्यांना नवं शिल्प हवंय, चौथरा रिकामा ठेवलाय. गुरुदत्त गेल्यापासून मातीला हात लावला तो फक्त तुझ्या गणपतीसाठी, तोही सवयीनं. काही वाटतच नाही गं, दुःखसुद्धा नाही. त्यांना नाही म्हणून कळवणार आहे.

फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. माया आहे तशी राहू दे.

ताई

अल्फारेटा, ३० ऑगस्ट २०२५

ती. ताईस, शि. सा. न.

अगं, कमाल केलीस! टॉवेल सोडला तर बाप्पाला डोळेच नाहीत! तिकडे गुरुजी झूमवर ताटकळलेले. दरवर्षी डोळे गुरुदत्तभाऊजी आखायचे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. एवढी मोठी शिल्पकार तू, पण म्हणायचीस, इंजिनिअरचा हात स्थिर, डोळे नवऱ्यानंच काढावेत. वाटलं, यंदा घाईत विसरलीस. शेवटी मीच माझ्या आयलायनरनं काढले. डावा अंमळ मोठाच झाला. प्रसाद म्हणाला, आई, हा तुझ्याकडे रोखून बघतोय. दीड दिवसानं मागच्या अंगणात टबमध्ये विसर्जन केलं.

चुकलं असेल तर चार शिव्या घाल, पण पत्र लिही. एवढा लोभ ठेव.

संध्या

कॅरी, ४ सप्टेंबर २०२५

चि. संध्यास, अ. उ. आ.

विसरले नव्हते. डोळे आखले की पूजा आली, आणि पूजा झाली की पाण्यात पोचवणं आलं. यंदा मला कुणालाच पोचवायचं नव्हतं. बिनडोळ्यांचा तो तुझ्या कपाटावर नुसता बसून राहिला असता. वाटलं, तुला न सांगता कळेल.

पत्र वाचून आधी संतापले. आयलायनर! मग तो मोठा डावा डोळा दिसायला लागला, आणि ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. गुरुदत्त गेल्यापासून पहिल्यांदाच. नंतर भूक लागली, पिठलं केलं.

टबमधली माती झाडांना घालू नकोस. बादलीत भर, ओली ठेव, प्रसादबरोबर पाठव. गुरुदत्तचा चेहरा करणार आहे. म्युझियमला कळवलंय, चौथरा राहू द्या.

अशीच वेंधळी राहा. आणि डोळे आखायला तूच ये, आयलायनर घेऊन.

ताई