सगळ्यांना उघडा डी ड्राइव्ह

८ मार्च

पुन्हा तेच. बाबांच्या नव्या कॉम्प्युटरवर माझा जुना कॉम्प्युटर दिसतो, पण उघडायला गेलं की पासवर्ड मागतो. कुठला पासवर्ड? मी कधी ठेवलाच नाही! बाबा घरांचे नकाशे काढतात आणि मोठा प्रिंटर माझ्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरला जोडलेला. म्हणून पेनड्राइव्ह घेऊन दिवसभर या खोलीतून त्या खोलीत येरझारा. मी कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. आज म्हणाले, "एवढं तरी जमतंय का बघ." डोकं सटकलं. कीबोर्ड आपटला. एक बटण निघालं.

९ मार्च

जमलं. पासवर्डची भानगडच बंद केली आणि अख्खा डी ड्राइव्ह शेअर करून टाकला — 'एव्हरीवन', सगळे अधिकार. वाचा, लिहा, पुसा, काय हवं ते करा. बाबांचा नकाशा एका क्लिकमध्ये इकडे. ते "हं" म्हणाले. आईच्या मते ही शाबासकी होती.

संध्याकाळी ती जिन्यात भेटली, वरच्या मजल्यावरची. मी बाजूला सरकलो. एवढंच.

१० मार्च

मित्राच्या गॅरेजमध्ये बसून लिहितोय.

दुपारी प्रिंट अडकली, म्हणून माझ्या कॉम्प्युटरला कोण कोण जोडलंय ते पाहिलं. दोघं. एक बाबांचा. दुसरा? बाबांचा बंद केला — दुसरा तसाच. घरात तिसरा कॉम्प्युटर नाही.

मग आठवलं. आमच्या वायफायचा पासवर्ड वरच्यांना मीच दिलाय. त्यांचं नेट बंद पडलं होतं, तिची परीक्षा होती. मोठा दानशूर! म्हणजे एकाच नेटवर आम्ही सगळे, आणि माझा डी ड्राइव्ह त्यांनाही उघडा.

डी ड्राइव्हवर 'जुने ड्रायव्हर' नावाचा फोल्डर आहे. त्यात ड्रायव्हर नाहीत, माझा आवाज आहे. तिला काय सांगायचं याची तालीम, माइकवर. एका फाइलीत तर नुसत्या तिच्या थोरल्या भावाला घातलेल्या शिव्या. त्याला मी पैलवान म्हणतो. त्याचा दंड माझ्या मांडीएवढा. आणि वर कॉम्प्युटर एकच — त्यावर ती बसते, तोही बसतो.

फोल्डर हलवायला गेलो, तर म्हणे फाइल दुसरीकडे उघडी आहे. शिव्यांची. म्हणजे त्या क्षणी वर कुणीतरी ती ऐकत होतं.

राउटरची वायर खेचून काढली. थोड्या वेळानं जिन्यावर जड पावलं. बेल. "आहे का घरी?" — पैलवानच. मी मागच्या दारानं पळालो. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

११ मार्च

घरी आलो. बाबांनी वायर कालच परत लावलीय. आई म्हणाली, "वरचा तुला शोधत होता. नेट का गेलं विचारत होता."

"एवढंच?"

"चेहरा काही बरा नव्हता त्याचा. काय केलंस रे?"

जेवण गेलं नाही. कॉम्प्युटर चालू करायची हिंमत नाही. जिन्यात जरा खुट्ट झालं की दाराची कडी तपासतो. मार खाईन एकवेळ. पण तिच्यासमोर खाल्ला तर?

१२ मार्च

सकाळी चालू केला. फोल्डर रिकामा. एकच फाइल आहे, मी न केलेली.

तिचा आवाज. "अरे, नेट आल्याबरोबर सगळं पुसलं. दादानं काही ऐकलेलं नाही, त्याची मॅच अडकली म्हणून चिडला होता. शिव्या मात्र मी दोनदा ऐकल्या. आता माइकशी बोलणं पुरे. कपडे वाळत घालायला मी सकाळी गच्चीवर असते. काय ते तिथे सांग, तोंडानं."

वर गच्चीचं दार वाजलं. डी ड्राइव्ह अजून सगळ्यांना उघडाच आहे, तो नंतर बघू. शर्ट बदललाय. आता चपला शोधतोय.