डावं बटण

प्रिय गास्पार,

लोकांना शब्द दाखवून घड्याळाकडे बघत बसायचा पगार मिळतो आमच्या ओदिलला, असं तू सगळ्यांना सांगत असायचास. खरंच, काम तेवढंच आहे. पडद्यावर अक्षरं उमटतात. खरा फ्रेंच शब्द असला तर उजवं बटण दाबायचं, आम्ही रचलेला खोटा असला तर डावं. मधला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचा.

सहा वर्षांपूर्वी वयस्कर माणसं कमी पडली म्हणून मी पप्पांना आमच्या प्रयोगशाळेत नेलं. एकतीस वर्षं वर्तमानपत्राची प्रुफं तपासलेला माणूस. त्यांची सरासरी पाचशे चाळीस आली, माझ्या विशीतल्या विद्यार्थ्यांहून चपळ. बाहेर येऊन म्हणाले, तुझी पोरं झोपेत वाचतात का गं? मग दर शरदात स्वतःहून यायला लागले. आईच्या अंत्यविधीनंतर तुमचं दोघांचं वाजलं, त्या वर्षीही आले.

रोजच्या वापरातला शब्द माणूस झटकन ओळखतो, क्वचित दिसणारा ओळखायला वेळ लागतो. दोन वर्षांपूर्वी पप्पांना दोन्हींना सारखाच वेळ लागला. दोन सेकंद, कधी तीन. ‘पाव’ या शब्दाला त्यांनी डावं बटण दाबलं. हात चुकला असेल म्हणून मी तो शब्द पुन्हा दाखवला. पुन्हा डावं. मग ते पडद्याकडे बघेचनात, माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आजाराचं नाव डॉक्टरांनी महिन्याभराने सांगितलं. मला ते त्या आकड्यांतच कळलं होतं.

गाडीत बसल्यावर म्हणाले, “गास्पारला सांगायचं नाही. रागावलेला बाप त्याच्या ओळखीचा आहे. तोच राहू दे.”

मी हो म्हटलं. त्यांचे आकडे प्रयोगातून काढून टाकले. तू ब्रेस्तहून फोन करायचास, तेव्हा त्यांना थोडा वेळ दे, असं सांगत राहिले. वसंतात तू म्हणालास, माफी मागून चार पत्रं लिहिली, एका ओळीचं उत्तर नाही, आता पुरे झालं. ते ऐकूनही मी गप्प बसले. त्याची मला फार लाज वाटते.

काल त्यांचं कपाट आवरताना ती पत्रं सापडली. चारही उघडलेली. पहिल्यात प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीची बारीक रेघ आहे, शेवटच्या पानापर्यंत. दुसऱ्यात सहा ओळींखाली. तिसऱ्यात फक्त ‘प्रिय पप्पा’खाली. चौथ्यात एकही रेघ नाही. मी वाचून दाखवू का विचारलं, तर मान हलवून म्हणाले, ती त्याची आहेत. ऐकलेलं त्यांना अजून समजतं. किती दिवस समजेल, ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून दिलेला शब्द मी आज मोडते आहे. ये, आणि तुझी पत्रं तूच त्यांना वाचून दाखव.

तुझीच,
ओदिल