खालच्या बागेतल्या बाटल्या

कालामाता, ग्रीस, नोव्हेंबर

बाबा, तुमच्या आणि आईच्या हातांचं चुंबन घेऊन लिहिते.

आपल्या क्रेट बेटावरही आता थंडी पडली असेल; तुमचा गुडघा कसा आहे? खरं तेच लिहा. माझा खोकला आता पुष्कळ कमी आहे, असं आईला सांगा. गेल्या वर्षी फवारणीत तो जडला, म्हणून यंदा मी सासऱ्यांकडून ऑलिव्हची खालची चाळीस झाडं मागून घेतली. माशीने फळात अंडी घालू नयेत म्हणून फळांवर पांढरी माती फवारली, फांद्यांना आमिषाच्या बाटल्या टांगल्या. वरच्या बागेत सासऱ्यांनी नेहमीचं विषारी औषध मारलं.

"माश्यांना दारू पाजतेस होय गं?" ते सगळ्यांदेखत विचारायचे.

काल तेलाच्या घाण्यावर त्यांनी स्वतः दोन्हीकडची शंभर-शंभर फळं चिरली. त्यांची नऊ किडकी निघाली, माझी अकरा. मला वाटलं, हरले.

त्यांनी सुरी पुसून ठेवली. मग घाणेवाल्याला म्हणाले, "दोन फळांसाठी पोरीची छाती जाळायची का? पुढच्या साली वरच्या बागेतही बाटल्या. आमची सूनबाई सांगेल तशा."

चार वर्षं मी त्यांच्या तोंडी 'ती क्रेटवाली' होते, बाबा.

तुमचीच लेक,
अर्गिरो