साक्षीदार नंबर दोन

३ फेब्रु., सोम.
यादगिरी अंकलनं परत पाणी बंद केलं. मालक तो, वर राहतो, मोटरचं बटण त्याच्याकडं. बिल्डरला घर द्यायचंय, आम्ही नक्को. बाबांचं एकच, "अग्रीमेंट जुलैपर्यंत आहे. दोन महिने आधी नोटीस द्यायची, लिहिलंय त्यात. कागद आहे आपल्याकडं."
कागदानं ढुंगण धुता येतं का?
त्याच्या पुतण्याच्या, श्रीनूच्या, बाइकच्या सायलेन्सरात बटाटा कोंबला.

६ फेब्रु., गुरु.
बटाटा कळला. श्रीनूनं जिन्यात गचांडी धरून डोकं ग्रिलवर आपटलं. मी हसलो, म्हणून परत आपटलं. "इतवार कू खाली करो, नै तो सामान के साथ तुमकू बी फेंकतौं." मनगटाला चावलो त्याच्या. तोंडात अजून खारट.

९ फेब्रु., रवि.
आले. श्रीनू न् दोन जण. आई फोडणी करत होती. पहारीनं कडी उखडली. बाबा प्लास्टिकच्या पिशवीतला कागद घेऊन दारात उभे. "कोर्टाचा ऑर्डर है क्या? दिखाओ."
श्रीनू बोलला, "ये है ऑर्डर." न् पहार बाबांच्या हातावर. ऊस मोडतो ना, तसा आवाज.
आईनं फोडणीचं तेल एकाच्या पायावर ओतलं. मी कुकरचं झाकण श्रीनूच्या तोंडावर. दुसऱ्यांदा हाणलं तेव्हा तो खालीच होता. तिसऱ्यांदा पण हाणलं. आईनं ओढलं म्हणून, नाही तर...
त्याचा दात आमच्या उंबऱ्यात पडला. काडीपेटीत ठेवलाय.
उजवा हात लोंबत होता तरी बाबांनी डाव्यात कागद धरलेला.

११ फेब्रु., मंगळ.
पोलिस बोलले, मारामारीचं लिहून घेतो, घराचं कोर्टात बघा. नामपल्ली कोर्टातल्या वकीलबाई बऱ्या आहेत. बोलल्या, मुदत संपली तरी कोर्टाच्या ऑर्डरशिवाय मालक बाहेर काढू शकत नाही, पाणी तोडायचं नाही, कुलूप लावायचं नाही. अकरा महिन्यांचा कागद, रजिस्ट्री नसली तरी चालतो. बाबांचा चेहरा फुलला.
मग बाईंनी शेवटचं पान बघितलं. "साक्षीदार दोन, टायगर यादगिरी. हे कोण?"
बाबा बोलले, "मालकाचा असेल कोणी."
हौ. मालकाचा कुत्रा.
सप्टेंबरात टायपिंगच्या दुकानात बाबा न् यादगिरी सही करून चहाला गेले. बाबा बोलले, दुसरा साक्षीदार म्हणून धर कोणालाही. तिथं तसंच चालतं, जो उभा असेल त्याची सही. मी कोणाला धरलं नाही. डाव्या हातानं टायगरची सही स्वतःच केली. आठवडाभर एकटाच हसत होतो.

१४ फेब्रु., शुक्र.
त्यांच्या वकिलाची नोटीस. म्हणे अग्रीमेंटच बोगस, साक्षीदार खोटा, सह्या आम्ही केल्या. यादगिरी गॅलरीतून ओरडतो, "टायगर, आ जा बेटे, गवाही देना है!" गल्ली हसते. कुत्रा शेपूट हलवत येतो पण.
बाबा प्लास्टर सांभाळत विचारतात, "सगळे हसतायत कशाला रे?"
बाईंना फोनवर सगळं सांगितलं. आधी सहीचं पान वाचून दाखवायला लावलं. मग, "भाड्याच्या कागदाला साक्षीदार लागतातच असं कायद्यात नाही. पण खोटी सही तुझी आहे, हे तू जजसमोर सांगायचं. नाही सांगितलंस तर खोटे तुझे बाबा ठरतील."
श्रीनूनं दाताची केस माझ्यावर टाकलीये. त्यात हे कबूल केलं तर आत जातो की काय मी?

१७ फेब्रु., सोम.
बाईंनी टाकलेल्या घराच्या केसची आज तारीख. बाबांना शर्ट घातला, बटणं मी लावली. इस्त्रीचा शर्ट, जसं काय लग्नाला.
"कागद घेतलास?"
"हौ."
"बाई बोलल्या, साक्षीदाराचं आज कोणीतरी सांगणार आहे. कोण रे?"
वरचं बटण काही केल्या लागेना. बोललो, "बाबा, बसा जरा."
बसले नाहीत, माझ्या तोंडाकडं बघूनच समजले. डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला न् दाबला, हाड दुखेपर्यंत.
अजून सोडला नाहीये असं वाटतंय. खाली रिक्षावाला हॉर्न मारतोय.