तुमेलोला फोन करायचा नाही

३ जुलै
आली! लिनेओ आली. आधी पोट आलं, मग ती. बसमधून उतरताना ड्रायव्हरनं एक हात धरला, कंडक्टरनं दुसरा, आणि सख्ख्या बापानं काय विचारावं? "तंबाखू आणलास?" कपाळाला हात लावला मी.

मोतोहो आंबवून ठेवलाच होता. घरची आंबट आंबील. पहिला घोट घेतला आणि पोरीनं डोळे मिटले. "आई, तिथं मसेरू शहरात असली मिळत नाही गं." मिळेल कशी! तिथं ज्वारी पाकिटातून येते.

गोवऱ्यांची रास छपरापर्यंत रचलीय. बाळंतिणीची खोली सारवून झाली. पंधरा तारखेला तिला घाटाखालच्या दवाखान्यात नेऊन ठेवायचं, असं ठरलंय.

४ जुलै
खरं काय ते लिहून टाकते. मला हे बाळ इथे हवंय.

ऑक्टोबरात कारखान्याची रजा संपते. मग लिनेओ शिवणाच्या मशीनवर, जावई टायरच्या दुकानात, आणि ती पत्र्याची भाड्याची खोली. तिथं बाळाला बघणार कोण? म्हणजे बाळ आजीकडेच राहणार. कुठल्या आजीकडे, एवढंच कोणी बोलत नाही. चार पोरं वाढवली मी या घरात, चारही खाली सपाटीला गेली. आता घरात आवाज म्हणजे फक्त आमच्या म्हाताऱ्याचा रेडिओ.

लिनेओला सरळ विचारलं. "बघू गं आई," म्हणाली. बघू! सासूनं कान भरलेत, दुसरं काय.

७ जुलै
विहीणबाई हजर! ना निरोप, ना विचारणं. जावई तुमेलो, म्हणून ह्या मातुमेलो. खाली सपाटीवरच्या लेरिबेहून दोन बस बदलून आल्या. एक पिठाचं पोतं, दोन जाड ब्लँकेटं, बाळाला अंघोळ घालायचा निळा टब, आणि वर म्हणतात, "दोनच दिवस राहीन हो." दोन दिवसांना टब लागतो?

जुलै म्हणजे आमचा ऐन हिवाळा, आणि पायात शहरी चपला. उतरल्या उतरल्या कुडकुडत म्हणाल्या, "काय हो विहीणबाई, तुमच्याकडे थंडी फार!"
"तुमच्यासाठीच मागवून ठेवली," मी म्हटलं.
म्हातारा खो खो हसला. मी त्याच्याकडे पाहिलं, मग थांबला.

८ जुलै
पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, मी घट्ट करते. सुरी उभी राहील एवढा घट्ट. त्यांना मऊ लागतो. भाजीत मी मीठ कमी घालते, त्या चव न घेताच वरून घालतात. गोवरीच्या धुरानं त्यांचे डोळे चुरचुरतात. "आमच्याकडे गॅस आहे."
मी म्हटलं, "आमच्याकडे गाई आहेत."
"आमच्या दारातून दवाखाना दिसतो."
"आमच्या दारातून अख्खा डोंगर दिसतो."
लिनेओ भिंतीकडे तोंड करून हसत होती. पोट गदगदा हलत होतं तिचं. बाळाला आत्तापासूनच कळलं असणार आपल्याला दोन आज्या कशा मिळाल्यात ते.

९ जुलै
सकाळी दार उघडेना. बर्फ! गुडघाभर. घाट बंद, बस बंद. विहीणबाई अडकल्या. देवा, माझं काय चुकलं होतं?

११ जुलै
मुलगी! मुलगी झाली!

पंधरा तारखेची वाट कुणी बघितली! पहाटेच लिनेओनं माझं मनगट धरलं, आणि पकड अशी की मी ओळखलं. ना दवाखाना, ना नर्स. मी आणि मातुमेलो. भांडायला वेळच नव्हता. त्या म्हणाल्या पाणी, मी पाणी दिलं. मी म्हटलं मागून धरा, त्यांनी धरलं. लिनेओ एवढी ओरडली की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. नंतर म्हणते, "आई, मी ओरडले का?" नाही बाई, गात होतीस!

डोकं माझ्या हातात आलं. नाळ त्यांनी कापली. इवलीशी आहे, थोडी घाईनंच आली, पण आवाज खणखणीत. नावाचा प्रश्नच नाही. लग्नातच सासरच्यांनी लिनेओला माकेनेउवे, केनेउवेची आई, म्हणायला सुरुवात केली होती, म्हणजे पहिलं पोर केनेउवे. ते नाव मातुमेलोंच्या आईचं. असू दे. नाव त्यांचं, पण नाक माझं आहे. कुणीही बघावं.

छपरात बोरू खोचला, बाळंतिणीची खूण. आता या खोलीत पुरुषाचं पाऊल नको. म्हातारा ब्लँकेट घेऊन खोगिरांच्या खोलीत झोपायला गेला. दाराबाहेरून विचारत होता, "कोणासारखी आहे?" "तुझ्यासारखी नाही," मी म्हटलं. समाधान झालं त्याचं.

मग विहीणबाईंनी ब्लँकेटातून फोन काढला. मी झडप घालून हात धरला. "बापाला मुलगी झाल्याचं फोनवर सांगता? अहो, पाण्यानं सांगायचं असतं!" मुलगा असता तर काठीनं बडवून. आमच्याकडून माणूस जाईल, न बोलता त्याला नखशिखान्त भिजवेल, मग त्याला कळेल. तोंडानं काय, कोणीही सांगेल.

वाटलं, आता जुंपणार. मातुमेलोंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मी वेळ बघत होते, पोर कधी झालं ते. मी फोन करीन? तुमेलोची धाकटी बहीण झाली तेव्हा माझ्या भावानं माझ्या नवऱ्यावर घागर ओतली होती. भर जूनमध्ये! नवरा महिनाभर खोकत होता, पण रीत म्हणजे रीत."
आणि हसल्या. मीही हसले. काय करणार, हसू आलं!

१३ जुलै
फोन लागतो फक्त गोठ्यामागच्या टेकाडावर. तुमेलोचा रोज फोन, आणि विहीणबाई मला दटावतात, "तुम्ही नका जाऊ, तुमच्या आवाजात कळतं." म्हणून म्हाताऱ्याला धाडलं. आम्ही दोघी मागे उभ्या, खोटं नीट बोलतो का ते ऐकायला.

"मामा, काही झालं का?"
"झालं ना! बर्फ झाला. खूप."
"लिनेओ कशी आहे?"
"झोपलीय. म्हणजे बसलीय. म्हणजे काही झालेलं नाही."
मातुमेलोंनी तोंडात ब्लँकेट कोंबलं. पोरगा मग म्हणाला, "मामा, मागे कोण रडतंय?"
"कोकरू!" म्हातारा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला वेळेवर सुचलं. रडत कोणीच नव्हतं, आपल्या मातुमेलोच हसून हसून ओरडत होत्या.

१५ जुलै
टब बरा आहे. लिहिते, पण त्यांना सांगणार नाही.

१७ जुलै
बाळ दूध ओढेना. सकाळपासून. ओठ निळसर. हात लावला तर गार, आगटीजवळ असून गार. रडतही नाही.

म्हाताऱ्यानं घोडं काढलं. घाटापर्यंत गेला आणि दुपारी परत आला. घोडं छातीपर्यंत रुतलं म्हणे. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या त्याच्या. आत येता येत नाही, म्हणून दाराबाहेर बसून राहिला.

मातुमेलोंनी चोळी सोडली, बाळाला उघडं करून छातीशी धरलं, वरून दोन्ही ब्लँकेटं. लिनेओनं दूध पिळलं, मी चमच्यानं ओठांवर थेंब सोडत होते. एक आत, चार बाहेर. त्या दमल्या की मी छातीशी धरायची, मी दमले की लिनेओ.  

१८ जुलै
ओढलं! पहाटे. लिनेओच्या छातीशी तोंड नेलं आणि एकदम धरलं, सोडेना. मातुमेलो माझ्या गळ्यात पडल्या. मोठ्या उंच आहेत त्या, माझं नाक त्यांच्या ब्लँकेटच्या पिनेत अडकलं. ओरबाडलंय. काही हरकत नाही.

बाहेर म्हाताऱ्याला सांगितलं. "बरं," म्हणाला, आणि उठून गोठ्यामागे गेला. बराच वेळ आला नाही.

१९ जुलै
आज सगळं ठीक. पितेय, ओरडतेय, ओलं करतेय. विहीणबाई भाजीत मीठ घालताना मला सापडल्या. घाला म्हटलं.

भांडी घासताना हात मध्येच थांबले. ओठ निळे होते तिचे. मी घाबरले होते. इतकी कधीच घाबरले नव्हते, माझ्या चौघांच्या वेळीही नाही. आणि तो घाट, दारातून दिसतो, आणि जाता येत नाही.

२२ जुलै
रस्ता मोकळा व्हायला लागला. तुमेलोचा धीर सुटला. "मी येतोय!" म्हणाला आणि फोन ठेवला. आता माणूस पाठवायची गरजच नाही, भिजायला तो स्वतःच येतोय!

पाणी कोणी ओतायचं यावर आमची बैठक झाली. रीतीप्रमाणे आमच्याकडच्यांनी. मातुमेलो म्हणाल्या, "मुलगा माझा. इतके दिवस तोंड दाबून बसलेय मी. अर्धी घागर माझी." दिली अर्धी.

२३ जुलै
काय दिवस!

तुमेलो शेवटची चढण पायी चालत आला. नाक लाल, बुटांत बर्फ, हातात लिनेओसाठी संत्र्यांची पिशवी. मी दाराआड घागर घेऊन. आत गुपचूप थोडं गरम पाणी मिसळलं होतं. मातुमेलोंनी बोट बुडवून पाहिलं आणि असं तोंड केलं! "कोमट? मग त्याला कळणार कसं मुलगी झाली ते?"
"न्युमोनिया झाला म्हणजे कळेल?"
तेवढ्यात तो अंगणात. "मामी, नमस्—" आणि धबाक! मी पुढून, त्याच्या आईनं मागून. म्हाताऱ्यालाही राहवलं नाही, त्यानं कोंबड्यांचं पाण्याचं ताट उचललं आणि तेही ओतलं!

पोरगा उभाच राहिला. केसांतून पाणी गळतंय, दात वाजतायत. "मुलगी," म्हणाला. "मुलगी! कधी? आत्ता?"
"झाले की बरेच दिवस," त्याची आई म्हणाली.
"आई! तू— रोज फोनवर—"
"रीत म्हणजे रीत."
मग तो तिथंच चिखलात बसला आणि रडायला लागला. संत्री घरंगळत उतारावरून खाली. म्हातारा त्यांच्यामागे.

आगीजवळ बसवला, आंबील पाजली. बाळ दाराच्या उंबऱ्यावरून दाखवलं. ओल्या डोळ्यांनी बघत म्हणाला, "नाक मामींचं." हुशार जावई आहे.

२४ जुलै
जिंकले!!

लिनेओ आत, तुमेलो उंबऱ्याबाहेर, मध्ये आम्ही दोघी. लिनेओच बोलली. "आम्ही दोघांनी ठरवलंय. कामावर परत जाताना केनेउवेला आईकडे ठेवायचं. मी इथंच वाढले."
 मोठ्या माणसानं अशा वेळी गप्प राहावं. पण स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही हात वर करून नाचले, आणि तेवढ्यात म्हातारा आला. "काय झालं?" "पाठ अवघडलीय," म्हटलं.

मातुमेलो एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे. आईची आईच बरी."

२६ जुलै
 पापा घट्ट झाला, तरी विहीणबाईंनी सगळा खाल्ला. मीच विचारलं, "जास्त घट्ट झाला का?" "छान आहे हो." मला अजिबात आवडलं नाही हे उत्तर.

बाळाचे कपडे त्यांनी धुऊन, आगीवर वाळवून, घड्या घालून ठेवले. मग म्हणाल्या, "कुशीवर निजवलं की लवकर झोपते. डाव्या. आणि टब ठेवून जाते, मला काय उपयोग." घर रिकामं आहे त्यांचं. नवरा गेला, मुलगी परदेशी. एक कुत्रं आहे म्हणे, तेही शेजाऱ्यांकडे जेवतं.

जिंकल्याचा आनंद म्हणून काही असतो, तो चांगला दोन दिवस टिकायला हवा होता.

२९ जुलै
परवा बस. तुमेलो आणि त्याची आई जाणार. लिनेओ आणि बाळ इथे, बाळंतपण संपेपर्यंत. सगळं माझ्या मनासारखं. म्हातारा सकाळपासून पश्चिमेकडे बघतोय. "ढग बघ. हा दुसरा मोठा असणार. पहिल्यापेक्षा."

बाळाला दोनदा हात लावून पाहिला. गरम आहे. तिसऱ्यांदा पाहिला.

३१ जुलै
बस हॉर्न देत होती. मीच बोलले, सगळ्यांसमोर. "लिनेओ, ब्लँकेट घे. बाळाला घेऊन बस. सासूकडे जा."
लिनेओ म्हणाली, "आई, अगं बाळंतपण—"
मातुमेलो पायरीवरून खाली उतरल्या. "विहीणबाई, रीत काय म्हणेल?"
"रीत मला शिकवू नका! तुमच्या दारातून दवाखाना दिसतो ना? मग झालं. पोरगी तुमच्याकडेच राहील. आताही, आणि ऑक्टोबरनंतरही."
 मीच बाळ त्यांच्या हातात दिलं. टबही चढवला.

बस गेली. छपरातला बोरू काढला. खोली एकदम मोठी दिसायला लागली. म्हाताऱ्यानं रेडिओ लावला नाही.

पुढची बस सोमवारी आहे, बर्फ पडला नाही तर. ड्रायव्हरला माझ्यासाठी एक जागा सांगून ठेवलीय मी.