मला सगळ्या पाट्या कळतात

सोमवार, ३ मार्च
नातीने भिंतभर चित्रं चिकटवलीत. हॉस्पिटलच्या पाट्या म्हणे. अक्षर एकही नाही. वाचता न येणाऱ्याला नुसतं बघून वाट सापडली पाहिजे. ऑफिसची नोकरी सोडून पोरीने स्वतःचं डिझाईनचं काम थाटलंय, आणि हे पहिलंच मोठं. पास झालं तर अख्खं हॉस्पिटल तिचं. नाही झालं तर पुन्हा त्या खडूस साहेबापुढे मान खाली. म्हणाली, आजी, तुझी मदत लागेल. लागणारच. घरात डोकं एकच आहे.

सोमवार, संध्याकाळ
पहिलं चित्र दाखवलं. म्हणाली, काय दिसतं ते सांग. मला कंगवा दिसला. पण हॉस्पिटलात कंगवा? हसं कोण करून घेणार! शाळा दुसरीत सुटली, अक्कल नाही सुटली. म्हटलं, चष्मा पुसून उद्या सांगते.

मंगळवार, ४ मार्च
नात तिच्या कामातल्या पार्टनरशी फोनवर बोलत होती. मी दाराशी लसूण सोलत होते. ऐकत नव्हते, कानावर पडलं. कंगवा नाही, बरगड्या आहेत. म्हणजे एक्स-रे. दुसरं रक्ततपासणी, तिसरं औषधं, असं शेवटपर्यंत. लसूण सोलता सोलता ओळीने पाठ केलं. दुपारी धडाधड उत्तरं दिली. पोर खुर्चीवरून उठून नाचली. म्हणाली, आजी, तुला कळलं म्हणजे जगाला कळेल. यात टोमणा आहे का, ते बघायला हवं.

गुरुवार, ६ मार्च
आज सल्ला दिला. एवढी पांढरी जागा मोकळी कशाला? कोपऱ्यात फूल काढ, लाल रंग दे. म्हणाली, आजी, पाटीवरच्या प्रत्येक रेघेला काहीतरी काम पाहिजे, फुलाचं काम काय? म्हटलं, माझं तरी या घरात काय काम आहे, ठेवलंयस ना? हसली. फूल मात्र काढलं नाही.

शनिवार, ८ मार्च
पार्टनर घरी आला. मानेवर केसांची शेपटी. मी शेपटीच म्हणते, त्याला चालतं. तो म्हणाला, एका माणसावर विसंबू नको, अजून चार जणांना दाखव. नात म्हणाली, वेळ कुठाय? आणि माझी आजी कुणाचं खोटं कौतुक करणारी नाही, देवालाही नावं ठेवते. खरं आहे. पण तेव्हापासून तो कंगवा डोक्यातून जात नाही.
ठरवलं. उद्या कंगव्याचं सांगून टाकायचं.

रविवार, ९ मार्च
सांगितलं नाही. पोर दमली होती. आणि सांगायचं तरी काय? उत्तरं तर सगळी बरोबर आहेत.


बुधवार, १२ मार्च
पाट्या लागल्या. आज चाचणी. नात मला नवी साडी नेसवून घेऊन गेली. मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, माझ्या आजीला एकूणएक पाटी कळते. बाई म्हणाल्या, छान, मग आजींनाच एकटं जाऊ दे एक्स-रेला.
पहिली पाटी एक्स-रेची, हे मला पक्कं ठाऊक. पण इथे पहिली कुठली? डावीकडून की उजवीकडून? मागे सगळे वह्या-पेनं घेऊन उभे. डावी धरली आणि मान ताठ ठेवून निघाले. एक जिना, दोन वळणं, आणि थेट बाळंतिणींच्या वॉर्डात. नर्सने विचारलं, आजी, तुमची सून कुठली? गोंधळलेलं दिसू नये म्हणून एका खाटेकडे बोट केलं. तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. बाळ गोरंगोमटं होतं. खरी आजी आली तेव्हा तिथे आरडाओरडा झाला, म्हणून आमची माणसं सापडली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाट्या उतरवा. सोमवारी एकदाच बघेन, नाहीतर काम दुसऱ्याला.
गाडीत नातीने विचारलं, आजी, बरगड्यांची पाटी समोरच होती, तिकडे का नाही गेलीस? म्हटलं, तो तर कंगवा! तोंडातून निसटलं. शेपटीने विचारलं, मग घरी बरोबर कसं सांगितलंत? म्हटलं, घरी तो पहिला होता.
नातीने खिडकीबाहेर तोंड केलं ते घर येईपर्यंत.
हॉस्पिटलच्या भिंतीच चुकीच्या आहेत.

गुरुवार, १३ मार्च
नात जेवली नाही. जुन्या साहेबाचा फोन आला होता. ऐकत नव्हते. सोमवारनंतर कळवते म्हणाली. आवाज बारीक.

शुक्रवार, १४ मार्च
नातीने विहीणबाईंना बोलावून घेतलं. तिच्या आईची आई. हिला तर शाळेचं दारही माहीत नाही. खुर्चीत बसवलं, चहा दिला, पाट्या दाखवल्या. ही म्हणते कशी, हा कंगवा, ही गळकी तोटी, आणि हे बाई काय आहे ते मला मुळीच कळत नाही. लाज नाही, काही नाही. आणि नात खूश! शेपटी भराभर लिहून घेतोय. दोघं लगेच नव्या बरगड्या काढायला बसले. मठ्ठपणाला एवढा मान मी जन्मात पाहिला नाही.
मीही खुर्ची ओढली. तर नात म्हणाली, आजी, तू बाहेर बस. तुला उत्तरं माहीत आहेत.
आणि दार लावून घेतलं.
पोरीने कबूल केलं एकदाचं. मला माहीत आहेत. बाहेर मटार सोलतेय. दार जाड आहे, आतलं काही ऐकू येत नाही.